कोल्हापुरात सायकल सांभाळायची कशी, आणि गेलीच तर परत मिळवायची कशी

पोलीस ठाण्याच्या मागच्या भिंतीला दहा-बारा सायकली टेकवून ठेवल्या होत्या. त्यातल्या तीन काळ्या, दांडीच्या, मागं कॅरिअर असलेल्या. त्या तिघींतली एक बहुतेक माझी होती. कुठली, ते मला सांगता येईना.

हवालदार शांतपणे विचारत होते. "नंबर म्हाईत हाय?" नव्हता. "बिल?" पास होऊन गावी निघालेल्या एका मुलाकडून घेतलेली सायकल, बिल त्याच्याकडंही नव्हतं. "फोटू तरी?" फोटो होता, पण त्यात पुढं मी आणि मागं अर्धी सायकल. "मग कशावरनं तुमची म्हणायची?" मी एका सायकलीवर हात ठेवला. मग दुसरीची सीट ओळखीची वाटायला लागली. शेवटी मीच म्हणालो, राहू दे.

त्याला बरीच वर्षं झाली. पुढं आणखी एक सायकल गेली, ती मात्र एका कागदामुळं परत मिळाली. म्हणून शिकायला किंवा नोकरीला कोल्हापुरात नव्यानं आलेल्यांसाठी लिहिताना मी कुलपाच्या आधी खरेदीच्या दिवसापासून सुरुवात करतोय.

घेतल्या दिवशी: सायकल उलटी करा

सायकलीला आरटीओची पाटी नाही, आरसी बुक नाही. मोटारसायकल गेली तर तिचा चासी नंबर सरकारदरबारी नोंदलेला असतो. सायकलीचा नंबर तुम्ही लिहून ठेवला असेल तरच कुठंतरी असतो. आणि नंबर असतो बरं का, जवळजवळ प्रत्येक कंपनीच्या सायकलीला असतो.

सायकल हँडल आणि सीटवर उलटी उभी करा. दोन्ही पायडलं ज्या आडव्या, जाड नळीतून फिरतात, तिची खालची बाजू आता वर आली असेल. तिथं चिखल आणि ग्रीसचा थर असतो. रॉकेल किंवा डिझेलच्या फडक्यानं पुसा. आकडे ठोकलेले असतात, त्यावर रंग बसलेला असतो, त्यामुळं नुसत्या डोळ्यांना ३ आहे की ८ ते कळत नाही. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो तसं करा: पातळ कागद ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं फिरवायची. आकडे पांढरे उमटतात. तोच कागद तारीख घालून जपून ठेवा. खाली नंबर नसेल तर सीटखालच्या नळीवर किंवा हँडलखालच्या नळीवर बघा.

दुकानातून नवी घेत असाल तर बिल होईपर्यंत हलू नका. बऱ्याच बिलांवर 'सायकल, १ नग' एवढंच लिहितात. कंपनी, मॉडेल, रंग आणि फ्रेम नंबर लिहून द्या म्हणावं. दुकानदार कुरकुरेल, पण देईल.

जुनी घेत असाल तर साध्या कागदावर लिहून घ्या: कोणी कोणाला, कितीला, कुठल्या नंबरची सायकल विकली, तारीख, दोघांच्या सह्या, आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. झेरॉक्स द्यायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून सायकल घेऊ नका, किंमत कितीही गोड असो. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं वाटायला कारण असून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि पाच हजारांची सायकल कोणी आठशेला द्यायला लागला तर तसं वाटायला तेवढं कारण पुरे.

मग फोटो. साखळीच्या बाजूनं पूर्ण सायकल, नंबर जवळून, एखादी खास खूण (वेल्डिंगचा डाग, बदललेली सीट, खरचटलेला मडगार्ड) आणि एक तुम्ही स्वतः सायकलीसोबत. माझ्यासारखं सायकलीला मागं ढकलू नका. फोटो स्वतःलाच मेल करून ठेवा, कारण फोनही चोरीला जातो.

गुप्त खूणही करा. सीट नळीसकट वर ओढून काढा, नाव आणि फोन लिहिलेली चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रेमच्या नळीत आडकवा, सीट परत बसवा. चोर रंग बदलतो, सीट बदलतो, पण नळीत बोट घालून बघायची तसदी क्वचितच घेतो. लोखंडी फ्रेम असेल तर उद्यमनगरात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या भागात, एखाद्या वर्कशॉपमध्ये खोदकामाच्या पेननं आद्याक्षरं कोरून मिळतील. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर मात्र हातोड्यानं पंच मारू देऊ नका, नळी पातळ असते, तडा जाऊ शकतो.

कुलूप: चाकाला की सायकलीला?

माझी पहिली सायकल गेली तेव्हा पंक्चर काढणाऱ्या मामांनी एकच प्रश्न विचारला होता. "पावणं, कुलूप चाकाला घातलंसा. सायकलीला कुठं घातलंसा?"

मागच्या चाकावर बसवलेलं ते गोल कुलूप सगळ्यांच्याच सायकलीला असतं. त्यानं चाक फिरायचं थांबतं, बाकी काही नाही. एका हातानं कॅरिअर उचलायचं, पुढच्या चाकावर ढकलत न्यायचं. बघणाऱ्याला वाटतं, किल्ली हरवलीय बिचाऱ्याची. माझ्या सायकलीला तर कोणी मदतसुद्धा केली असेल. हे कुलूप काढून टाका असं मी म्हणत नाही. तुम्ही समोर चहा पीत उभे असाल तेवढ्यापुरतं ते ठीक आहे.

त्यानंतर लोक घेतात प्लास्टिकच्या आवरणातली वेटोळी केबल. दिसायला अंगठ्याएवढी जाड, आत मात्र बारीक तारांचा पीळ. चांगल्या कटरपुढं ती फार टिकत नाही. नंबरचं कुलूप असेल तर आणखी एक गंमत: आळसापोटी लोक लावताना शेवटचा एकच आकडा फिरवतात. मग हजार जुळण्यांचं कुलूप दहा जुळण्यांचं होतं. सगळे आकडे विस्कटा.

हार्डवेअरच्या दुकानातली साधी साखळी भक्कम वाटते, पण मऊ लोखंडाची असते आणि बोल्ट कटर तिला चावतो. घ्यायचीच तर सायकलीसाठी मुद्दाम केलेली, कडक केलेल्या पोलादाची साखळी किंवा यू आकाराचं कुलूप घ्या. ओळखायची खूण सोपी: कडक पोलादावर कानस घासली तर ती घसरते, खरवडत नाही. ग्राइंडरपुढं तेही टिकणार नाही हे उद्यमनगरच्या गावात वेगळं सांगायला नको. पण ग्राइंडर ओरडतो आणि ठिणग्या उडवतो, आणि ते चोराला नको असतं. कुलपावर खर्च किती करायचा म्हणाल तर मी सायकलीच्या किमतीचा दहावा हिस्सा धरतो, आणि जुन्या सायकलीला त्याहून थोडा जास्तच.

लावायची रीत अशी. मागच्या चाकाची रिम आणि फ्रेमची नळी दोन्ही कुलपाच्या कवेत आली पाहिजेत, आणि तिसरी गोष्ट म्हणजे जमिनीत पक्की रोवलेली काहीतरी: काँक्रीटमधला रेलिंगचा गज, जिन्याची ग्रील. खांबाला लावताना वर बघा. वर काही नसलेल्या बुटक्या खांबावरून सायकल कुलपासकट उचलून काढता येते. रोपाच्या पिंजऱ्याला, प्लास्टिकच्या पाइपला लावू नका. दुसऱ्याच्या फाटकाला तर नकोच, तिथं चोराआधी घरमालक येईल.

कुलूप जमिनीवर लोळत ठेवू नये. कटरची एक मूठ जमिनीवर टेकवून दुसरीवर अंगाचा भार देता येतो, आणि तिथंच कुलूप तुटतं. शक्य तितकं उंच आणि कमी जागेत बसवा, आत पहार घालायला फट राहू देऊ नका. किल्लीचं भोक खाली. आपल्याकडचा पाऊस चार महिने भोकातून आत जातो आणि ऑक्टोबरात कुलूप तुमच्यावरच रुसतं. महिन्यातून एकदा मशीन ऑइलचे दोन थेंब सोडा. दुसरी किल्ली त्याच जुडग्यात ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, त्यांना काय सांगणार.

चाक किंवा सीट हातानं सैल करायची खिट्टी असेल तर तिथं साधा नट किंवा ॲलन बोल्ट बसवून घ्या. पंपासकट जे काही हातानं निघतं ते सोबत न्या.

कुठं लावाल

महाद्वार रोडला किंवा भवानी मंडपाच्या आसपास गर्दी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. गर्दीत कुलपाशी झटापट करणारा माणूस मालकच वाटतो. गर्दीपेक्षा ओळखीचं माणूस बरं. चहाच्या गाड्याजवळ, पानपट्टीसमोर, रोज त्याच जागी बसणाऱ्या फुलवालीच्या नजरेत लावा आणि तोंडानं सांगा, "मावशी, जरा लक्ष असू द्या." कोल्हापुरात एवढं सांगितलं की ती सायकल मावशीची होते. कॅमेरा असेल तर चांगलंच, पण कॅमेरा चोराला हाक मारत नाही.

सगळ्यात वाईट जागा म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकाचा परिसर, शनिवारी गावी जाताना लावून सोमवारी परत येण्यासाठी. दोन रात्री उभी असलेली सायकल मालक नाही हे दोन दिवस ओरडून सांगते. पैसे देऊन स्टँडला लावा, पावती घ्या, किंवा खोलीवर ठेवून रिक्षानं जा.

रंकाळ्यावर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी रोज त्याच वेळी त्याच रेलिंगला लावू नये. तुमचा फेरा किती मिनिटांचा ते तुमच्याआधी दुसऱ्याला कळतं. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाकडं सायकल नेऊच नका, लावायला जागाही मिळत नाही.

राजारामपुरी, शाहूपुरीत खोली घेऊन राहणाऱ्यांची सायकल रात्री बिल्डिंगच्या बोळातून जाते. आत आहे म्हणून गोल कुलपावर सोडलेली. माझी दुसरी तशीच गेली, पहिलीतून मी शिकलो होतो तरी. रात्री ग्रीलला बांधा, जमलं तर उचलून वर न्या. नदीकाठच्या भागात राहत असाल तर पावसाळ्यात आणखी एक गोष्ट: २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत लोकांना घाईनं घरं सोडावी लागली होती. पाणी चढायला लागलं की सायकल आधीच वरच्या मजल्यावर चढवा आणि तिथंही कुलूप घाला.

सायकल जागेवर नाही: पहिला तास

आधी खात्री करा. मित्रानं नेली का, मालकानं बाजूला ठेवली का, वाहतुकीला अडथळा म्हणून उचलली का. दहा मिनिटं पुरे. तेवढ्यात जागेचा फोटो काढा, तुटलेलं कुलूप पडलं असेल तर हात न लावता त्याचाही.

मग समोरच्या दुकानदारांकडं जा. कॅमेरा असेल तर नमस्कार करून सांगा की अमुक ते अमुक वेळेचं चित्रण जपून ठेवा, पोलीस मागतील. चित्रण साठवणाऱ्या डब्याची, डीव्हीआरची, जागा भरली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, म्हणून हे उद्यावर टाकू नका. चोर डोळ्यांसमोर असेल तर ११२ ला फोन. नसेल तर थेट ठाणं.

ठाण्यात काय बोलायचं

शहरात शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, राजारामपुरी, जुना राजवाडा अशी ठाणी आहेत. जिथून गेली त्या हद्दीचं ठाणं सोयीचं, पण हद्द चुकली म्हणून परत पाठवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय करू शकतात) खबर कुठल्याही ठाण्यात घेता येते. इलेक्ट्रॉनिक मार्गानंही देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या.

शब्द जपून वापरा. "सायकल हरवली" म्हणालात तर गहाळची नोंद होईल. गहाळच्या दाखल्यावर कोणी चोर शोधत नाही. "कुलूप लावून ठेवली होती, चोरीला गेली" असं सांगा. वेळ, जागा, सायकलीचं वर्णन, फ्रेम नंबर, किंमत. लिहिलेलं वाचल्याशिवाय सही करू नका. नंबरचा एक आकडा चुकला तर पुढं सगळं अडतं.

आता नव्या कायद्यातली एक गोष्ट, जी सायकलवाल्यांना नेमकी बोचते. न्याय संहितेच्या कलम ३०३ प्रमाणे चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीला गेलेल्या वस्तूची किंमत ५,००० रुपयांच्या आत असेल तर गुन्हा अदखलपात्र धरला जातो. म्हणजे एफआयआरऐवजी नुसती एनसी (अदखलपात्र नोंद) होते, आणि मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. जुन्या सायकली बहुतेक याच रेघेच्या आसपास असतात. म्हणून बिल. म्हणून नंतर बसवलेल्या कुलपाच्या, सीटच्या, दिव्याच्या, कॅरिअरच्या पावत्याही. किंमत खोटी फुगवू नका, पण सायकलीसोबत जे जे गेलं ते सगळं लिहा. आणि सायकल राहत्या घरातून गेली असेल तर ते ठळक सांगा. घरातल्या चोरीचं कलम वेगळं आहे, ३०५, शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि तो गुन्हा दखलपात्र आहे.

दखलपात्र असून नोंद घेतली नाही तर भांडू नका. तक्रार लिहून पोस्टानं कोल्हापूरच्या पोलीस अधीक्षकांकडं पाठवा, तीही सोय १७३ मध्येच आहे. त्यानंतर मॅजिस्ट्रेट. सायकलीचा विमा असेल तर कंपनीलाही लगेच कळवा, एफआयआर तिथंही मागतात.

शोध: पंक्चरवाल्यांपासून

सायकलीला पंक्चर होतंच. कोणाच्याही हातात असली तरी ती कधी ना कधी पंक्चरच्या दुकानात जाते. म्हणून फोटो आणि फोन नंबर घेऊन तुमच्या आणि शेजारच्या भागातल्या दहा-पंधरा दुकानांत फिरा. जुन्या सायकली विकणारे आणि भंगारवाले यांच्याकडंही जा, गुरगुरत नको, मदत मागत. ऑनलाइन जुन्या वस्तूंच्या जाहिराती रोज चाळा. ग्रुपवर फोटो टाका, पण फ्रेम नंबर आणि एखादी खूण स्वतःकडं ठेवा. "सायकल सापडलीय, आधी पाचशे पाठवा" असा फोन येतोच, त्याला ती खूण विचारायची.

माझी दुसरी सायकल अशीच सापडली. दीडेक महिन्यानं मामांचा फोन: "या लौकर, तुमची सायकल हितं हाय." एक मुलगा पंक्चर काढायला घेऊन आला होता. मामांनी ट्यूब काढली आणि मागच्या चाकातली एक तार बाकीच्यांपेक्षा जाड दिसली. ती त्यांनीच घातली होती, तशी बारीक तार त्या दिवशी दुकानात नव्हती म्हणून. त्यांनी काही बोलून दाखवलं नाही. ठिगळाला सोल्युशन लावलं आणि म्हणाले, "वाळू दे, तासाभरानं या." सोल्युशन वाळायला पाच मिनिटं लागतात.

सापडल्यावर करायचं ते एवढंच: लांबून फोटो काढा, ११२ किंवा ठाण्याला फोन करा, एफआयआरचा नंबर सांगा, थांबा. समोरच्याची कॉलर धरू नका. तो चोर नसेलही. माझ्याकडचा मुलगा नव्हता, त्यानं आठशे रुपये मोजले होते आणि त्याच्याजवळ विकणाऱ्याचा नुसता पहिल्या नावापुरता पत्ता होता. पैसे देऊन स्वतःची सायकल परत विकतही घेऊ नका. ऑनलाइन दिसली तर जाहिरातीचे, गप्पांचे स्क्रीनशॉट घ्या, भेटायची वेळ पोलिसांशी बोलून ठरवा.

पोलीस आले, सायकल उलटी केली, फडक्यानं पुसली आणि माझा पेन्सिल घासलेला कागद शेजारी धरला. पुढचं बोलणं दोन मिनिटांत संपलं.

मुद्देमाल सोडवताना

सापडली म्हणजे लगेच घरी येत नाही. ती आता मुद्देमाल, म्हणजे खटल्यातला पुरावा आहे. कोर्टात अर्ज करावा लागतो, नागरिक सुरक्षा संहितेची कलमं ४९७ आणि ५०३. सोबत बिल, ओळखपत्र, एफआयआरची प्रत. कोर्ट हमीपत्र घेऊन सुपुर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायच्या अटीवर, सायकल देतं. खटला संपेपर्यंत ती विकायची नाही, रंग बदलायचा नाही, बोलावलं तर हजर करायची. वाहनं ठाण्याच्या आवारात कुजवत ठेवू नयेत, फोटो आणि पंचनामा करून लवकर सोडावीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

ताब्यात घेताना पंचनाम्यातलं वर्णन आणि समोरची सायकल ताडून बघा, काय कमी आहे ते तिथंच लिहून घ्या. लगेच बसून निघू नका. महिनाभर उन्हापावसात उभ्या सायकलीचे टायर चिरलेले असतात, साखळी गंजते, ब्रेकची केबल आतून अडकते. ढकलत पहिल्या दुकानापर्यंत न्या.

मी ढकलत मामांकडं नेली. सीट बदललेली, घंटी गायब, पण चारही ब्रेक रबरं नवी कोरी. त्या मुलानं बसवली असणार. पंचनाम्यातही ती 'नवीन, ४ नग' अशी उतरली होती, म्हणजे काढून टाकायचीही सोय नव्हती. मामांनी ब्रेक दाबून बघितला आणि म्हणाले, "रबर झ्याक हाय. तुमचं आधीचं पार झिजल्यालं व्हतं."